मागच्या दाराची डबी

मी डबी बोलतेय. पत्र्याची, गोल, तळहातात मावणारी. माझ्या झाकणावर एके काळी काळ्या बुटाचं चित्र होतं, आता तिथे नुसता गंज आहे. तुम्ही माणसं डबीचं बोलणं ऐकणार नाही हे मला ठाऊक आहे. तुम्ही डॉक्टरचं ऐकलं नाहीत, तर माझी काय कथा. तरी सांगते. आजार कुठून कुठे गेला हे शोधायला त्या वर्षी माणसं वह्या घेऊन दारोदार फिरत होती. मी तेव्हा एका बाईच्या कनवटीला होते आणि मला सगळं माहीत होतं.

माझा जन्म कारखान्यातला. काळं पॉलिश भरून मला सैन्याच्या कँटीनमध्ये पाठवलं, तिथून मी सुभेदार सयाजींच्या ट्रंकेत गेले. त्यांच्या निवृत्तीला चारच महिने उरले होते, पण ते चार महिने इभ्रतीचे. पहाटे झाकण उघडायचं, ब्रश एकदा फिरायचा, झाकण बंद. बुटाच्या टोकात सुभेदारांना स्वतःचं तोंड दिसेपर्यंत काम चालायचं. ते तोंड फार बघण्यासारखं होतं असं नाही, पण शिस्त होती.

मग ते आष्ट्याजवळच्या आपल्या मळ्यात परत आले. उसाच्या चिखलात पॉलिशचे बूट कोण घालतो? पॉलिश वाळून माझ्यात खडखडायला लागलं. एके दिवशी सुभेदारांच्या बायकोने, मनुबाईने, मला राखेने तीनदा घासलं, उन्हात पालथं घातलं आणि माझ्यात मिश्री भरली. पलटणीतून थेट मिश्रीत. याला बढती म्हणत नाहीत.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईतो भाजून चुरलेली तंबाखू. बायका ती बोटाने दातांना चोळतात आणि दात घासतोय असं सांगतात. दिवसातून पाच वेळा दात घासणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. मनुबाई मिश्री लावायची ती नवऱ्याला चोरून. म्हणजे नवऱ्याला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे हिलाही माहीत होतं. फक्त घरात त्याचा उच्चार नव्हता. ज्या घरात चिमूटभर मिश्रीचा उच्चार होत नाही, तिथे तापाचा कसा होईल?

दुपारची जेवणं आटोपली की मागच्या दारी, न्हाणीच्या कट्ट्यावर, तिघी जमायच्या. एक मनुबाई. दुसरी शेजारच्या मळ्यातली सुलाबाई, पंचाहत्तरीची, दात चारच उरलेले पण मिश्री बत्तीस दातांची लावणारी. तिसरी हरणाबाई. ही म्हसवडकडची मेंढपाळीण. दिवाळीनंतर त्यांची मेंढरं चाऱ्यासाठी इकडे उसाच्या मुलखात उतरतात. ऊस तुटून गेलेल्या रानात शेतकरी त्यांना मुद्दाम बसवून घेतात, कारण रात्रभर मेंढरं बसली की रानाला फुकटासारखं खत मिळतं. हरणाबाईचा तळ गेली अकरा वर्षं सुभेदारांच्याच रानात पडत होता. खत हवं असलं की तिला ‘आमची हरणाबाई’ म्हणायचे. नको असलं की ‘मेंढरंवाली’.

कट्ट्यावर मी मधोमध उघडी असायची. एकीचं बोट माझ्यात यायचं, तोंडात जायचं, अर्धा तास दातांवरून फिरायचं आणि मिश्री कमी वाटली की तेच ओलं बोट पुन्हा माझ्यात. मग दुसरीचं. मग तिसरीचं. बुटाचा ब्रशसुद्धा सुभेदार दुसऱ्याला देत नसत.

आता त्या वर्षाकडे येते. दुसऱ्या लाटेचा उन्हाळा. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सुभेदारांच्या मुलाचं, वीरधवलचं, लग्न झालं होतं. परवानगी पन्नास माणसांची. कागदावर पन्नास होती, पंगतीला चारशे. नवी सून संयोगिता गप्प स्वभावाची. या घरात गप्प राहणाऱ्या माणसाला काही कळत नाही असं समजायची पद्धत आहे, म्हणून तिच्यासमोर सगळे मोकळेपणाने वागायचे.

पुढच्या दाराला सुभेदारांनी बंदोबस्त काय केला होता! चुन्याने आखलेली रेघ, बादली, साबण, खुर्ची आणि हातात काठी. टपालवाला आला तरी, “हाल्ट! आदी हात!” दूधवाल्याला रेघेपलीकडून चरवी ठेवायला लावायचे आणि काठीने आत ओढायचे. गावातली माणसं कौतुक करायची. “सुभेदाराच्या घरात कोरोनाची काय बिशाद!” सुभेदार मान ताठ करायचे. घराला मागचं दारही असतं, हे त्या पलटणीच्या माणसाच्या ध्यानात आलं नाही.

मागच्या दारी मनुबाईचे स्वतःचे नियम होते. हरणाबाईचा चहाचा कप वेगळा. कान तुटलेला एक कप तिने कुडावर पालथा घालून ठेवला होता आणि त्यात ती वरून, हातभर उंचीवरून, चहा ओतायची.

“राग मानू नगंस बाई. कोरोना हाय.”

“राग कशाचा आलाय?” हरणाबाई म्हणायची. “च्या ग्वाड हाय न्हवं?”

चहा झाला की तिघी मास्क हनुवटीखाली ओढायच्या, मांडीला मांडी लावून बसायच्या आणि माझं झाकण उघडायचं. 

“ह्यो मास्क लावून मिश्री कशी लावायची गं मने?” सुलाबाई विचारायची. “त्येला भोक पाडायचं का?”

“आवं, आमच्या बिराप्पानं मला वासराला बांदत्यात तशी मुसकी बांदलीया,” हरणाबाई म्हणायची. बिराप्पा तिचा मुलगा. “म्हन्तो, आये, काढू नगंस. मी म्हनलं, मग मला चरायला तरी कशाला सोडतोस?”

तिघी हसायच्या. काळी थुंकी उडायची. कप वेगळा, डबी एक. ही अक्कल मी पलटणीत तरी पाहिली नव्हती.

वीरधवल साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात होता. शनिवारी मोटारसायकलवरून घरी यायचा. एप्रिलमधल्या एका शनिवारी तो आला तो डोळे लाल, अंग तापलेलं. जेवताना हसत हसत सांगत होता. 

“गेटवर कपाळाला बंदूक लावत्यात ताप बघाया. आमी आदी गोळी खातो, मग कपाळ फुडं करतो. सगळी लाईन तसंच करती.”

त्या लाईनीत त्याच्या शेजारच्या मशीनवर बिहारचा एक पोरगा होता, त्याच्या खोलीत आणखी सहा जण, त्या सगळ्यांना ने-आण करणारी एकच रिक्षा, आणि रिक्षावाल्याच्या घरी म्हातारा बाप. गोळीने कपाळं तेवढी थंड झाली होती. बाकी सगळं चालूच होतं.

सुभेदारांनी मुलाला रेघेवर अडवलं नाही. स्वतःचं पोर म्हणजे काही परका माणूस नव्हे. वीरधवल दोन दिवस झोपला, तिसऱ्या दिवशी उठून साताऱ्याला गेला. सव्विसाव्या वर्षी शरीर इतकं माफ करतं.

चार दिवसांनी मनुबाईला कणकण आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात लसूण जळून कोळसा झाला आणि संयोगिता शांतपणे ती फोडणी आमटीवर ओतायला निघाली.

“अगं ए! आक्कं घर धुरानं भरलं, तुला वास येत न्हाई? नाक काय म्हायेरी ठिवून आलीस व्हय?”

“आत्याबाई,” संयोगिता म्हणाली, “खरंच वास येत नाही. कालपासून. मीठमसाल्याची चवपण नाही.”

मनुबाईने जळकी कढई खाली उतरवली. तिला कळलं. मी तिच्या कमरेलाच होते, तिने मला आणखी आत खोचलं.

“मला ऊन लागलंय,” ती म्हणाली. “तुला सर्दी झालीया. ह्याच्यापल्याड काय बी न्हाई. आन् कुनाम्होरं बोललीस तर बघ. सुभेदाराच्या दारावर कागद डकवला तर गावात तोंड काय दाखवायचं?”

आणि त्याच दुपारी, अंगात ताप असताना, ती कट्ट्यावर जाऊन बसली. न बसली तर सुलाबाई विचारेल ना, का आली नाहीस म्हणून. माझं झाकण तिनेच उघडलं. तिचं बोट इतकं गरम होतं की माझा पत्रासुद्धा तापला.

आजार माझ्यातून गेला की त्यांच्या श्वासांतून, ते शिकलेल्यांनी ठरवावं. मला विचाराल तर तीन उघडी तोंडं अर्धा तास हातभर अंतरावर असल्यावर डबीला बोल लावायची गरजच नाही. पण ती तोंडं उघडायला निमित्त मीच होते, हे मी नाकारत नाही. नाकारायची सवय माणसांची.

मग तो आजार वय बघून वागायला लागला. हरणाबाईची तीन वर्षांची नात दोन दिवस शेंबूड ओढत मेंढरांमागे पळाली, की बरी. सून माया एक दिवस पडून होती, दुसऱ्या दिवशी कोकरं पाजत होती. मनुबाई आठवड्यात सावरली. सुलाबाई मात्र नवव्या दिवशी अंथरुणावरून उठली नाही. तिला न्यायला गाडी आली, आणि त्या गाडीने तिला परत आणलं नाही. 

तिचा मुलगा कोंडीबा. आईवर जीव होता त्याचा, हे मी मान्य करते. पण ज्याच्यावर राग काढायचा तो माणूस सोयीचा निवडायचा, हीसुद्धा एक कला आहे, आणि ती त्याला येत होती. मातीच्या दुसऱ्याच दिवशी तो पाच-सहा जणांना घेऊन सुभेदारांच्या रानात आला. मी तिथे नव्हते, हे मी मागाहून ऐकलं.

त्या वेळी हरणाबाई पालाखाली घोंगड्यावर पडलेली. आठ दिवस ताप, आणि कालपासून धाप. एक शब्द बोलून तीन वेळा श्वास घेत होती.

“ह्या मेंढरंवाल्यांनी रोग आनला,” कोंडीबा ओरडला. “गावोगाव हिंडत्यात. माजी आई खाल्ली ह्यांनी. आत्ताच्या आत्ता तळ उचला!”

“आवं मामा,” बिराप्पा हात जोडून म्हणाला, “आईला धाप लागलीया. दोन दिस ऱ्हाऊ द्या. म्हसवड हितं हाय व्हय? वाटंतच मरंल ती.”

“मग मरू दे की वाटंत! आमच्या रानात कशाला?”

आईला दवाखान्यात न्यायला कुठलाच जीपवाला बिराप्पाला दारात उभा करत नव्हता. ‘मेंढरंवाल्यांत रोग हाय’ एवढं वाक्य पुढे पळालं होतं. ते वाक्य खोडलं गेलं नाही, तर हरणाबाई त्या दिवशी मेंढरांमागे चालत निघणार होती, आणि वाटेतलं पलूसही गाठणार नव्हती. हे तिथे उभ्या प्रत्येकाला कळत होतं. 

रान सुभेदारांचं, म्हणून सगळे सुभेदारांच्या अंगणात आले. आशाताई सोनम वही घेऊन आली होती. ती बिचारी सकाळपासून पन्नास घरं फिरली होती आणि पन्नास घरांत ‘आमी कुठंच जात न्हाई’ हेच ऐकत आली होती.

“काकी,” तिने मनुबाईला विचारलं, “हरणाबाई तुमच्या घरात यायच्या का? कुणाजवळ बसायच्या?”

“छ्या!” मनुबाई म्हणाली. “तिला कोन घरात घेतंय? रानातच थांबायची. च्या दिला तर येगळ्या कपात, ते बी लांबनं. इचार की कुनाला बी.”

मी तेव्हा स्वयंपाकघराच्या कोनाड्यात होते. सुलाबाई गेल्यापासून मनुबाईने मला कनवटीला लावलं नव्हतं, हातही लावला नव्हता. अपराध कळायला माणसांना शाळा लागत नाही, कबूल करायला लागते. संयोगिता दारात उभी होती. डोक्यावरचा पदर दातात धरलेला. ती आत वळली. मला वाटलं, पाणी प्यायला आली. तिने मला उचललं, अंगणात गेली आणि मला सोनमच्या वहीवर ठेवलं.

“ही डबी लिहा,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. “रोज दुपारी, मागच्या दारी. आत्याबाई, सुलाआजी आणि हरणामावशी. मास्क काढून, अर्धा तास. एकाच डबीतनं.”

सोनमने पेनचं टोपण काढलं. 

“आणि ताप पहिला आमच्या घरात आला. तेरा तारखेच्या आसपास मला वास यायचा बंद झाला, अजून आलेला नाही. हरणामावशी त्यानंतर चार-पाच दिवसांनी पडल्या. रोग त्यांनी आणला नाही. त्यांना आम्ही दिला.”

“सूनबाई!” मनुबाईचा आवाज फाटला.

सुभेदार खुर्चीतून उठले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आपल्या पॉलिशची डबी त्यांनी ओळखली. 

“घरात ताप आला?” ते म्हणाले. “कवा? मी तर गेटवर हुतो.”

“तुम्ही गेटवर होता तेव्हाच, मामा,” संयोगिता म्हणाली. “वीरधवल पुढच्याच दारानं आले. तुम्हीच बॅग घेतली त्यांची.”

सोनमने लिहायला सुरुवात केली. मला वाटलं, आता कोंडीबा सुभेदारांच्या अंगावर जाईल. त्याची आई गेली होती, आणि ती कुणाच्या अंगणातून तो ताप घेऊन गेली हे त्याला नीट कळलं होतं. त्याने सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदारांचा ऊस, सुभेदारांची विहीर, जिच्यातून याच्या रानाला पाणी मिळतं. मग त्याने मान वळवली आणि बिराप्पाला म्हणाला, 

“ते कायबी आसू दे. तळ आज सांजच्या आत हलला पायजे.”

याला म्हणतात माणूस. खरं कळूनही हात वळला तो कमजोराकडेच. 

एवढं मात्र झालं की सुभेदारांना मान खाली घालून आपली पिकअप बाहेर काढावी लागली. सगळ्यांसमोर बोललं गेल्यावर त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती. हरणाबाईला मागे घोंगड्यावर झोपवून ते स्वतः सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. परत आल्यावर गाडी तीनदा धुतली. तळ त्या संध्याकाळी हलला. माया पोरीला पाठीशी बांधून, मागे वळून न बघता, मेंढरांबरोबर चालत गेली. सुभेदारांच्या दारावर कागद लागला. गाव बुडालं नाही, तोंडं सगळ्यांची जागेवर राहिली. मनुबाई मात्र सुनेशी पुढे चार महिने बोलली नाही. ज्या घरात सून आधीच गप्प असायची, तिथे याला शिक्षा कसं म्हणायचं ते मला कळत नाही.

एकोणीस दिवसांनी हरणाबाई दवाखान्यातून सुटली. अर्धी उरली होती. गावी जायच्या आधी घोंगडं न्यायला मळ्यावर आली, ती मागच्या दारी, पण कट्ट्यापर्यंत आली नाही. आंब्याखाली उभी राहिली. मनुबाई आतच बसून राहिली. संयोगिता घोंगडं घेऊन बाहेर आली. घोंगड्यावर मला ठेवलेलं, उकळत्या पाण्यातून काढून पुसलेलं.

“मावशी, ही न्या. हितं आता कुणी उघडत नाही.”

“तू लावत न्हाईस?”

“नाही.”

“बरं करतीस.” तिने मला ओच्यात टाकलं. “पोरी, तू बोललीस म्हनून मी गाडीत चढले. ध्यानात हाय माज्या.” एवढंच.

तेव्हापासून मी म्हसवडला आहे. मिश्री हरणाबाईने सोडली, दम पुरत नाही म्हणून. आता माझ्यात मेंढरांच्या खुराला लावायचं मलम असतं. वास वाईट आहे, पण संगत चांगली आहे.

मागच्या हिवाळ्यात, इथल्या सिद्धनाथाच्या रथयात्रेच्या दिवसांत, कोंडीबा दारात आला. अंगात नवा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. हरणाबाई एका मेंढीचा खूर मांडीवर घेऊन बसली होती, मी शेजारी उघडी.

“हरणाबाई, जुनं किती दिस धरून बसायचं?” तो म्हणाला. “औंदा मेंढरं आमच्याकडं आना. तीन वर्सं झाली, रानाला कस ऱ्हायला न्हाई. सुभेदार बी म्हनत्यात.”

“मनुबाई म्हन्तीया का?”

“ती... ती बी म्हनंल की.”

हरणाबाई मलम चोळत राहिली. “तुज्या आईसंगं मी अकरा वर्सं बसले, कोंडीबा. ती गेली तर मला रडाया बी दिलं न्हाईस. मी यीन. पर तू आदी चावडीम्होरं हुबा ऱ्हा आन् सांग, रोग कुटनं आला हुता.”

“आता त्यात काय सांगायचं? सगळ्यांस्नी ठावं हाय.”

“ठावं हाय रं. पर त्या पोरीबिगर कुनी तोंडानं म्हनलं न्हाई.”

कोंडीबाने मायाने दिलेला चहा संपवला, पेढ्यांचा पुडा ठेवला, उठला. जाताना त्याला कडुनिंबाखाली एक बोकड वेगळा बांधलेला दिसला. तो म्हणाला, “ह्यो का एकटा?”

“खोकतोय सकाळधरनं.”

“मग?”

“मग काय? बाकीच्यांस्नी नगं व्हायला.”

तो बोकडाकडे एकदा बघून वळला. “बघतो,” म्हणाला आणि गेला. चावडीपुढे तो उभा राहिल्याचा निरोप अजून आलेला नाही. या वर्षी बिराप्पाने मेंढरं फलटणच्या अंगाला उतरवली.

मला तुमच्याकडून फार मागायचं नाही, कारण तुम्ही देणार नाही हे मी जाणते. पुन्हा कधीतरी एखादी सोनम वही घेऊन तुमच्या दारात येईल, उन्हात, पन्नास घरं फिरून. ती विचारेल, कुणाजवळ बसला होता? तेव्हा जी दारं, जे कट्टे, जी माणसं तुम्ही मोजायची नाहीत असं ठरवलं आहे, तीही सांगा. एका गप्प पोरीला ते जमलं होतं, तिला तर त्या घरात येऊन तीन महिनेही झाले नव्हते. 

हरणाबाईला दुसरा खूर बघायचाय. मला कामाला बोलावलंय. माणसांपेक्षा हे काम बरं. मेंढरू निदान लंगडतं तेव्हा सगळ्यांसमोर लंगडतं.